लाखाचा हेडफोन ठेवायचा की परत करायचा, हे घरच्या घरी कसं ठरवाल

लातुरात गंजगोलाईच्या परिसरात माझं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. भजनी मंडळांचे माइक, मंगल कार्यालयांचे मिक्सर, देवळांचे भोंगे, हेच रोजचं काम. पण हल्ली वेगळंही गिऱ्हाईक येतं. पुण्याला, हैदराबादला नोकरीला असलेली इथली पोरं सुट्टीत येतात, बॅगेतून हेडफोनचा डबा काढून काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "मामा, दीड लाखाचा आहे. ठेवू का परत पाठवू, तुम्हीच सांगा." परत करायची मुदत बहुतेक वेळा संपत आलेली असते. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मी स्वतः या नादातला माणूस आहे. चांगल्या हेडफोनवर तानपुरा ऐकताना मिळतं ते सुख मला माहीत आहे, त्यामुळे 'एवढे पैसे कशाला घालता' हे माझ्या तोंडून येणार नाही. पैसे घाला, पण ते आवाजात गेले की डब्यात, हे तपासून घाला.

हा बाजार वर कुठपर्यंत जातो ते आधी सांगतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९९१ साली 'ऑर्फियस' नावाचा हेडफोन काढला, अ‍ॅम्प्लिफायरसकट. नगं जेमतेम तीनशेच्या आसपास. पुढे २०१५ मध्ये त्याचाच वारस 'एचई १' जाहीर केला. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर इटलीतल्या करारा संगमरवराच्या ठोकळ्यात बसवलेला, आत आठ व्हॉल्व्ह, आणि तेव्हाची किंमत पन्नास हजार युरोच्या घरात. त्याच्या खाली फ्रेंच फोकल कंपनीचा 'युटोपिया'. तो २०१६ मध्ये चार हजार डॉलरला आला, त्याचा आवाज काढणारा पडदा बेरिलियम धातूचा. हायफायमॅनचा 'सुस्वारा' २०१७ चा, सहा हजार डॉलरचा. जपानच्या स्टॅक्सचे इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे ५८० व्होल्टचा दाब दिलेला अतिशय पातळ पडदा हलवणारे. ही सगळी खरोखर कसबाची कामं आहेत. बेरिलियम हलका आणि ताठ, त्यामुळे पडदा जवळजवळ न वाकता हलतो. त्याला लागणारा खर्च खोटा नाही.

पण किंमत आणि स्वर यांचा मेळ बसतोच असं नाही. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं तपासली. कोणता सूर किती मोठा वाजतो याचा आलेख आणि बाजारातली किंमत यांत त्याला काही संबंध सापडला नाही. वीस हजाराचा सरळ वाजू शकतो आणि दोन लाखांचा चार-पाच किलोहर्ट्झला बोचू शकतो. म्हणून प्रत्येक डबा आपल्या कानाने आणि थोड्या मापाने तपासावाच लागतो. ती तपासणी मी कशी करतो ते पुढे.

पहिलं काम कानाचं. सरकारी दवाखान्यात किंवा खाजगी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री करून घ्या. काचेच्या खोलीत बसवतात, बारीक शिट्ट्या ऐकवतात आणि कागदावर आलेख काढून देतात. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे नाचलेल्या पोरांच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो, आणि तो दोन्ही कानांना सारखा नसतो. असा खड्डा असेल तर तुम्हाला कोणता हेडफोन 'स्पष्ट' वाटेल आणि कोणता 'मंद', याचं निम्मं उत्तर त्या कागदावरच आहे. शिवाय वय वाढतं तसं वरचे सूर जातातच. चाळिशीनंतर १६ किलोहर्ट्झची शिट्टी फार थोड्यांना ऐकू येते. तेव्हा डब्यावर '५० किलोहर्ट्झपर्यंत' लिहिलंय त्याला भुलू नका.

दुसरं काम खोलीचं, आणि आपल्याकडे हे फार मोठं आहे. महागडे हेडफोन बहुतेक ओपन बॅक असतात. मागची जाळी उघडी, आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत. त्याने गाणं कपाळात न अडकता मोकळं वाटतं, हे खरं. पण एप्रिल-मे महिन्यात लातूर-नांदेडला कूलर बंद करून कोण बसणार? कूलरचा घरघराट खोलीभर असतो आणि तो ओपन बॅकमधून जसाच्या तसा कानात येतो. तंबोऱ्याची शेवटची आस, गायकाने घेतलेला श्वास, सभागृहातली शांतता, ज्या बारकाव्यांसाठी जास्तीचे लाख मोजले ते सगळे त्याखाली गाडले जातात. मग माणूस आवाज वाढवतो, आणि कान जातात. म्हणून तुमचं ऐकणं नेमकं कधी असतं ते आधी ठरवा. पहाटे किंवा थंडीतल्या रात्री असेल तर ओपन बॅक जरूर घ्या. उन्हाळाभर कूलरखालीच ऐकणार असाल तर मागून बंद असलेले क्लोज्ड बॅक किंवा कानात घट्ट बसणारे इअरफोन. तिथे वीस हजारात जे मिळेल ते ओपन बॅकच्या दोन लाखांत मिळणार नाही.

आता विजेचं. हे कुठल्या परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो. टेबलावरचा महागडा अ‍ॅम्प्लिफायर आणला, लावला, आणि कानात 'हुंऽऽ' सुरू झालं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत अ‍ॅम्प्लिफायर बिघडलेला क्वचितच निघतो. दोष बहुधा घराच्या अर्थिंगमध्ये. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, जमिनीत पुरलेल्या अर्थच्या सळईभोवतीची ओल जाते, आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. माहीतगार इलेक्ट्रिशियनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं. जास्त दाखवत असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा, त्यात कोळसा-मीठ आहे का, पाणी शेवटचं कधी घातलं. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घातल्यावर हुंकार कमी झालेली घरं मी पाहिली आहेत. अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, तो जिवाशी खेळ आहे.

लाइट गेल्यावरची गोष्ट वेगळी. घरातला जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारा असेल तर ट्रान्सफॉर्मरवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर त्यावर गुरगुरणारच. सुस्वाराच्या जोडीला लाखाचा अ‍ॅम्प घ्यायचा विचार असेल तर घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणाऱ्या साइन वेव्ह इन्व्हर्टरचे पैसे त्याच हिशेबात धरा. किंवा बॅटरीवर चालणारा छोटा डॅक-अ‍ॅम्प घ्या (डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारा भाग), ना अर्थिंगची कटकट ना लोडशेडिंगची.

अ‍ॅम्प्लिफायर किती मोठा लागतो हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, वहीवर गणित होतं. हेडफोनच्या माहितीत दोन आकडे असतात, ओहम आणि संवेदनशीलता. सुस्वारा ६० ओहमचा, आणि एक मिलिवॉट दिल्यावर ८३ डेसिबल वाजतो. गाण्यातला एखादा टोकाचा क्षण, डग्ग्यावरची थाप म्हणा, ११० डेसिबलपर्यंत न फाटता जावा अशी अपेक्षा धरली तर वरचे २७ डेसिबल म्हणजे साधारण पाचशेपट शक्ती, अर्धा वॉट. ६० ओहममध्ये अर्धा वॉट म्हणजे साडेपाच व्होल्ट. फोनला लावायचे साधे डोंगल एक व्होल्टच्या आसपास देतात, तिथे हा हेडफोन ९५ डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून सुस्वाराला दणकट अ‍ॅम्प लागतो हे खरं. पण हेच गणित बहुतेक इअरफोनांना लावलं तर हजार रुपयांच्या डोंगलमध्येच उत्तर संपतं. त्यांच्यासाठी पन्नास हजारांचा अ‍ॅम्प घेऊन आवाजात भर पडत नाही. बॅलन्स्ड जोडणीचंही, म्हणजे प्रत्येक कानाला दोन्ही तारांतून सिग्नल देणाऱ्या जोडणीचंही असंच: त्यातून व्होल्टेज जास्तीत जास्त दुप्पट मिळतं, म्हणजे ६ डेसिबल. लागत असतील तर घ्या. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आतला रोध, मात्र हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शाच्या आत असावा, नाहीतर स्वराचा तोल बदलतो.

आता मुख्य परीक्षा. दोन हेडफोन शेजारी ठेवून 'कोणता चांगला' विचारलं तर जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. एक डेसिबलचा फरकही 'मोठा' म्हणून जाणवत नाही, 'स्वच्छ' म्हणून जाणवतो. शोरूममध्ये नेमकी इथेच गल्लत होते. म्हणून आधी आवाज सारखा करून घ्या. त्यासाठी मी जुनी सीडी वापरतो. मधल्या भोकाभोवती एका बाजूने फोमच्या पट्टीची गोल चकती चिकटवायची आणि फोनचा माइक त्या भोकावर बसवायचा. दुसऱ्या बाजूने हेडफोनची उशी सीडीवर सपाट टेकवायची, कडेने फट राहू द्यायची नाही. फोनवर आवाज मोजायचं कुठलंही अ‍ॅप चालू करा, सरासरी हळू दाखवणारी सेटिंग ठेवा. मग हेडफोनवर पिंक नॉइज लावा, धबधब्यासारखा सपाट आवाज असतो तो, इंटरनेटवर सहज मिळतो. पहिल्या हेडफोनचा आकडा लिहा, दुसऱ्याचा आवाज त्याच आकड्यावर आणा. अर्ध्या डेसिबलच्या आत आणता आलं तर उत्तम. फोन आकडा चुकीचा दाखवत असेल तरी बिघडत नाही, दोघांना तोच फोन चूक सांगतोय. हाताचा दाब मात्र दोन्ही वेळी सारखा ठेवा. उशी नीट टेकली नाही तर खर्ज गळतो आणि मोजमाप फसतं. चष्म्याच्या काडीमुळे किंवा केसांमुळे डोक्यावरही तेच होतं, तेव्हा चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट ऐका.

दोन अ‍ॅम्प्लिफायर किंवा दोन डॅक तपासायचे असतील तर याहून सोपं. हेडफोन जोडलेला ठेवून मल्टीमीटरने पिनांवरचं एसी व्होल्टेज मोजा. साधा मल्टीमीटर वरच्या सुरांना खोटं बोलतो, म्हणून १०० हर्ट्झचा सूर लावा. एकीकडे ०.५०० व्होल्ट असेल तर दुसरीकडे ०.५०६ च्या पुढे जाऊ देऊ नका, तेवढ्यात फरक एक दशांश डेसिबल राहतो. मग घरातल्या कोणाला तरी पडद्याआड बसवून बदलायला सांगा आणि तुम्ही फक्त 'पहिला' किंवा 'दुसरा' सांगा. सोळा वेळा विचारून बारा वेळा बरोबर आलं तर फरक ऐकू येतोय असं धरायला हरकत नाही, निव्वळ नशिबाने एवढं येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. आठ-नऊ आलं तर जो स्वस्त तो घ्या. या परीक्षेत चांगल्या डॅकांमधला फरक ओळखणारं गिऱ्हाईक माझ्याकडे अजून आलेलं नाही. हेडफोनांमधला फरक मात्र पहिल्याच आलापात कळतो. म्हणून माझं ठाम मत: दोन लाख असतील तर दीड लाख हेडफोनचे, बाकीच्यात सगळं बसवा.

ऐकायचं काय? परदेशी परीक्षणांत सांगितलेली गाणी आपल्या कानाला परकी. जे पाठ आहे तेच लावा. मी पहिल्यांदा नुसता तानपुरा लावतो, गायन नसलेला. काळी एकमध्ये मिळवलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे 'पाच हर्ट्झपर्यंत बेस' ही जाहिरात आपल्या कामाची नाही, ६९ ला तार भरदार वाजली पाहिजे. खर्जाची तार छेडली की तिच्यातूनच गांधार उमलतो, तो पाचवा उपस्वर. चांगल्या हेडफोनवर तो तारेतून हळूहळू वर येताना ऐकू येतो, आणि पुढची तार छेडली तरी लगेच पुसला जात नाही. घोडीवर जवारीचा दोरा किंचित सरकवला तर झंकार कसा बदलतो हे ज्याने स्वतः केलंय, त्याला पाच मिनिटांत निकाल मिळतो. झंकाराची जर चरचर झाली असेल तर त्या हेडफोनचा वरचा भाग उचललेला आहे. झंकार घोंगडीखाली गेल्यासारखा वाटला तर दबलेला.

मग गोंधळ. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ आपल्याकडे लग्नानंतर घरोघरी होतो, संबळ कानात मुरलेलं असतं. लहान भांड्याचा टणत्कार आणि मोठ्याचा घुमारा एकाच वेळी उठतात. हलक्या हेडफोनमध्ये घुमारा टणत्कारावर सांडतो आणि काड्यांचे प्रहार मोजता येत नाहीत. जोडीला तुणतुणं आणि झांज असेल तर आणखी चांगलं. झांज ऐकताना डोळे मिटून घ्यावेसे वाटले तर हेडफोन ठेवा, डोळे आक्रसले तर परत पाठवा.

तिसरी चाचणी घरची. आईला किंवा बायकोला फोनसमोर हातभर अंतरावर बसवून दोन मिनिटं बोलायला सांगा, काहीही, भाजीचा हिशेब सांगितला तरी चालेल. ते रेकॉर्डिंग दोन्ही हेडफोनवर ऐका. फोनचा माइक थोडा रंग चढवतोच, पण दोन्हीकडे तोच रंग आहे. ज्यात आई आईसारखी वाटते तो हेडफोन मधल्या पट्ट्यात खरा आहे. आपलं बहुतेक संगीत गळ्याचं, आणि गळा याच पट्ट्यात राहतो. 'स', 'श', 'च' ही अक्षरं कानाला टोचतात का तेही इथेच कळतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं किंवा कॅसेटवरून उतरवलेलं गाणंच तुम्ही मुख्यतः ऐकत असाल, तर त्यात वरचे सूर मुळातच कमी असतात. तिथे वरचे सूर उचलणारा महागडा हेडफोन खरखर पुढे आणतो आणि गायक मागे राहतो. अशांना मी सेनहायझरचा एचडी ६०० किंवा ६५० सुचवतो. ६०० हा १९९७ चा, तरी आजही बनतो, गळा अतिशय खरा वाजवतो आणि किंमत पन्नास हजारांच्या बरीच आत. माझ्या दुकानात परीक्षेची फूटपट्टी म्हणून तोच टांगलेला असतो.

परत करायच्या मुदतीत आणखी एक प्रयोग करा. विंडोज संगणकावर इक्वलायझर एपीओ किंवा अँड्रॉइड फोनवर वेव्हलेट ही सुरांची पातळी कमीजास्त करणारी अ‍ॅप घ्या, दोन्ही सहज मिळतात. बऱ्याच हेडफोनांचे मोजलेले आलेख आणि दुरुस्तीचे आकडे लोकांनी खुले ठेवले आहेत. आपल्या जुन्या, स्वस्त हेडफोनला ते आकडे लावा आणि पुन्हा आवाज सारखा करून नव्या महागड्याशी ताडून बघा. अंतर नाहीसं झालं तर तुमचे दीड लाख वाचले. अंतर राहिलं, तंबोऱ्याची आस अजूनही महागड्यावरच लांब जात असेल, गाणं डोक्याबाहेर मोकळं वाटत असेल, तर ते पैसे योग्य जागी गेले आहेत. बिनधास्त ठेवा. असे ठेवणारेही माझ्याकडे येतात, आणि त्यांचं ऐकणं बघून मला मनापासून बरं वाटतं.

केबलवर फार बोलत नाही. दीड मीटर तांब्याच्या तारेचा रोध ओहमच्या अंशात असतो, ३०० ओहमच्या हेडफोनपुढे तो नगण्य. केबल मऊ हवी, पिन घट्ट बसायला हवी, कपड्याला घासून आवाज करता कामा नये. त्यापुढे चाळीस हजारांच्या चांदीच्या केबलला माझा नकार.

वजनाचं मात्र नीट बघा. सुस्वारा ४५० ग्रॅमचा, युटोपिया त्याहून जड. शोरूममध्ये दहा मिनिटांत हे कळत नाही. घरी सलग दीड-दोन तास घालून बसा, मान आणि टाळू काय म्हणतात ते बघा. आपल्या उन्हाळ्यात नकली चामड्याच्या उशा घामाने दोन-तीन वर्षांत सोलपटतात, मखमली कापडाच्या जास्त टिकतात पण धूळ धरतात. उशी बदलली की स्वरही बदलतो, तेव्हा त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची उशी भारतात मिळते का आणि केवढ्याला, हे खरेदीआधी विचारा. इलेक्ट्रोस्टॅटिक घेणार असाल तर ऐकून झाल्यावर लगेच झाकून ठेवायची सवय लावा. पडद्यापाशी धूळ गेली की तो चरचरायला लागतो, आणि आपल्याकडे मार्चनंतर धूळ बंद दारातूनही येते.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तास ८० डेसिबलचा आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा: ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. महागडा हेडफोन फाटत नाही, त्यामुळे आवाज किती वाढलाय ते कळत नाही. सीडीची चकती तयार आहेच, रोज ऐकता त्या पातळीला एकदा तिच्यावर टेकवून बघा. फोनचा आकडा काटेकोर नसला तरी ७५ आहे की ९०, एवढं समजतं.

आणि बिल पक्कं घ्या, भारतातल्या वॉरंटीचं. नातेवाइकाने परदेशातून आणलेल्या डब्याला इथे बहुतेक वेळा कोणी हात लावत नाही. डबा, आतला फोम, सिरियल नंबरचा कागद, सगळं माळ्यावर जपून ठेवा. पुढेमागे विकायचा झाला तर डब्यासकट हेडफोनला भाव चांगला येतो, आणि दुरुस्तीला पाठवायचा झाला तर त्या फोमशिवाय कुरिअरच्या हाती देऊ नका.